वायच चीर

मामाकडे मे महिन्यात संध्याकाळी माझं एक ठरलेलं काम असायचं. परसात जाऊन मिरचीच्या रोपावरची एक मिरची देठासकट खुडायची, विहिरीवर धुवायची आणि खळ्यात बाकड्यावर बसलेल्या मामाला नेऊन द्यायची. गाव सावंतवाडीच्या पुढे, बांद्याच्या बाजूला. तिथून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. काजूचा हंगाम संपत आलेला असायचा आणि हुर्राकाची शेवटची बाटली घरात असायची. मामा पेल्यात हुर्राक ओतायचा, लिंबू पिळायचा, चिमूटभर मीठ घालायचा, वर लिम्का. मग मिरची माझ्याच हातात परत देऊन म्हणायचा, "तिका वायच चीर दी."

वायच म्हणजे थोडीशी. विळीवर मिरची उभी धरायची आणि मधोमध इंचभर उघडायची. टोक जुळलेलं राहिलं पाहिजे, देठाकडची बाजूही. भरल्या मिरचीला देतो तशी लांब चीर चालायची नाही. ती मिरची पेल्यात उभी सोडली की देठ काठावर टेकायचा. मामा लगेच प्यायचा नाही. आधी पेला नाकाशी न्यायचा आणि क्षणभर तसाच धरून ठेवायचा.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू. बोंडू तुडवून, चेचून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा. पहिल्या खेपेला येते ती हुर्राक, सौम्य आणि फळाच्या वासाची. पुन्हा गाळली की फेणी, कडक आणि टिकाऊ. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आता लांबलांबच्या दुकानांत दिसते. हुर्राक मात्र टिकत नाही. मार्च ते मे एवढंच तिचं आयुष्य. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून अमेरिका खंडाकडून आली. मामाच्या पेल्यातली ही दोन्ही माणसं एकाच बोटीची प्रवासी होती म्हणायची, आणि दोघंही इथलीच होऊन गेली.

त्या मिरचीचं काम काय होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, पुण्यात स्वतःच्या घरी शनिवारच्या संध्याकाळी एखादं कॉकटेल बनवायला लागल्यावर. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बियांना धरून असलेल्या पांढऱ्या पडद्यात असतो, आणि तो पाण्यापेक्षा दारूत जास्त विरघळतो. लांब चीर दिली की पडदा उघडा पडतो आणि दहा मिनिटांत पेला तिखटजाळ होतो. वायच चीर दिली की तिखट हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत, चढत जातं. आणि पहिल्या घोटाच्या आधी येतो तो फक्त वास. कच्ची मिरची मोडल्यावर येणारा, ढोबळी मिरचीच्या जवळ जाणारा हिरवा, ओला वास. हुर्राकाच्या गोडूस, किंचित उग्र वासावर तो असा बसतो की उग्रपणा मागे सरतो आणि फळ पुढे येतं.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे गार्निश. मराठीत त्याला सजावट म्हणतात आणि माझं भांडण तिथेच सुरू होतं. सजावट म्हटलं की ती नसली तरी चालते. काठाला खोचलेली कागदी छत्री आणि पुदिन्याची काडी एकाच रांगेत जाऊन बसतात. आपल्या स्वयंपाकघरात याला खरा शब्द आहे, तो नाम नाही एवढंच. तो शब्द म्हणजे 'वरून'. पोह्यांवर वरून खोबरं-कोथिंबीर. वरणभातावर वरून साजूक तूप आणि लिंबू. मसाले दुधावर वरून जायफळ. वरणभातावरच्या तुपाला कोणी सजावट म्हणेल का? वरून घातलेल्या गोष्टीनं पदार्थ पुरा होतो, आणि ती शेवटी घालतात कारण शिजवली तर तिचा वास उडून जाईल. आई कोथिंबीर कधी आधी चिरून ठेवू द्यायची नाही. पानं वाढायला घेतली की मग चिर, म्हणायची. कॉकटेलवर काय घालावं याचं माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात झालेलं आहे.

वासाला एवढं महत्त्व का, तर थंडपणामुळे. चहा गरम असतो, त्याचा वास आपणहून वर येतो. आल्याचा चहा शेजारच्या खोलीत कळतो. बर्फ घातलेल्या पेयाचा वास थंडीनं दबलेला असतो. जीभ गोड, आंबट, कडू सांगते, पण हे संत्रं की मोसंबी हे नाक सांगतं. सर्दीत जेवणाची चव जाते ती यामुळेच. तेव्हा बर्फगार पेल्याच्या तोंडाशी, नाक जिथे येतं नेमकं तिथे, वासाचं काहीतरी ताजं ठेवावं लागतं. पेल्याच्या तळाशी बुडालेला पुदिना कामाचा नाही. तो नाकापाशी असला पाहिजे, नळी त्याच्या शेजारीच खोचलेली असली पाहिजे, म्हणजे पिणारा वाकला की चेहरा पानांत जातो.

पण मला सगळ्यात प्रिय आहे ती साल. लहानपणी संत्र्याची साल भावंडाच्या डोळ्यांत पिळण्याचा गुन्हा केला नाही असं मराठी माणूस विरळा. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवली की त्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. हेच तेल निरांजनाच्या ज्योतीवर उडवलं तर तडतड ठिणग्या पेटतात. आमच्या आळीतली मोठी मुलं दिवाळीत हा प्रयोग करून दाखवायची. बारमध्ये हातभर कौतुकानं करतात ते हेच. सालीची पट्टी पेल्यावर धरायची, रंगीत बाजू खाली, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी चटकन वाकवायची. एकदा दिव्याच्या उजेडात तिरकं बघा. पेयाच्या पृष्ठभागावर तेलाचे सूक्ष्म थेंब पसरतात, रांगोळीवर पाणी शिंपडावं तसे. मग तीच साल पेल्याच्या काठावरून फिरवायची म्हणजे ओठाला वास लागतो. रस एक थेंबही पडलेला नसतो, तरी पेय बदलतं.

साल काढायला मी वेगळं हत्यार घेतलेलं नाही, बटाट्याची सालं काढायचं सोलाणंच वापरते. दाब हलका ठेवायचा. सालीखालचं पांढरं जितकं कमी येईल तितकं बरं, ते कडू असतं. थोडं आलंच तर पट्टी पाटावर उलटी ठेवून सुरीनं खरवडून टाकायचं. परदेशी फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्यात घासून काढल्याशिवाय सालीला हात लावू नये.

आणि इथे एक गोष्ट घोळ करते, ती मी फार लोकांना समजावून सांगत असते. परदेशी कृतीत लेमन लिहिलेलं असतं तेव्हा त्यांना जाड सालीचं, मोठं पिवळं फळ अभिप्रेत असतं. आपलं कागदी लिंबू ते नव्हे. पिकून पिवळं झालं तरी ते लाइमच्या घराण्यातलं. मेक्सिकोत मार्गारिटामध्ये पिळतात ते छोटं लिंबू हे आपल्या कागदी लिंबाचं सख्खं भावंड आहे. त्याची साल नावाप्रमाणे कागदासारखी, तिची रुंद पट्टी निघत नाही आणि पिळली तर मार्टिनीला हवा तो मऊ, फुलासारखा वास येत नाही, तीक्ष्ण, झोंबरा वास येतो. मार्गारिटाला, रमला, फेणीला तो अगदी बरोबर. जिथे लेमनची साल हवी तिथे मी ईडलिंबू शोधते. मंडईत लोणच्याच्या दिवसांत मिळतं. साल जाड, खरबरीत, तेलानं भरलेली. एका फळाच्या आठ-दहा पट्ट्या निघतात आणि उरलेल्याचं लोणचं होतं.

नागपुरी संत्र्याची गोष्ट वेगळी. त्याची साल गराला चिकटून नसते, सैल असते, त्यामुळे सोलाण्याखाली ती दबते आणि फाटते. ती हातानंच सोलायची, मोठा तुकडा घ्यायचा आणि सुरीनं पट्टी कापायची. वास विलायती संत्र्याच्या मानानं गोड आणि खेळकर. ओल्ड फॅशन्डमध्ये व्हिस्कीवर ही साल पिळली की मला हिवाळ्यातली आगगाडी आठवते, वर्ध्याच्या पुढे डब्यात सगळेच संत्री सोलत असायचे. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची हिवाळा सरताना. या महिन्यांत मी व्हिस्कीचं काहीतरी करते, उन्हाळ्यात करत नाही. उन्हाळ्यात शीतगृहातलं संत्रं मिळतं, पण त्याची साल सुकलेली असते, वाकवली तर मोडते, फवारा उडत नाही.

त्याच कारणासाठी मला वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या पटत नाहीत. मागे एका मोठ्या हॉटेलात आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो. पेल्यावर अशी चकती तरंगत होती, काचेच्या खिडकीसारखी सुंदर. नाक लावलं तर काहीच नाही. वाळवताना उडून जातं ते नेमकं तेच तेल, ज्याच्यासाठी फळ आणलं. बाजूला एक लालभडक चेरी होती आणि तिला फक्त साखरेची चव होती.

त्या चेरीबद्दल मला मनापासून सांगायचंय. मूळची मरास्किनो चेरी म्हणजे आज क्रोएशियात असलेल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची मरास्का नावाची आंबट, काळपट चेरी, तिच्याच दारूत मुरवलेली. मॅनहॅटन नावाच्या व्हिस्कीच्या कॉकटेलच्या तळाशी ती असते तेव्हा शेवटचा घास म्हणून थांबून राहावंसं वाटतं. आपल्याकडे केकवर, आइस्क्रीमवर, पानात जी लाल चेरी मिळते ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं. आपली डोंगरची काळी मैना. कच्ची करवंदं घेऊन, बिया काढून, त्यांचा मूळचा रंग आणि आंबटपणा घालवून, लाल रंगाच्या पाकात मुरवतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. करवंदाचा सगळा करवंदपणा काढून त्याला दुसऱ्याचं नाव द्यायचं, कशासाठी?

म्हणून गेली सहा-सात वर्षं मी एप्रिलच्या शेवटी गावाकडून येणाऱ्यांना करवंदं आणायला सांगते. पूर्ण काळी नकोत, ती पाकात फुटतात. लालसर, टणक हवीत. देठ खुडला की पांढरा चीक येतो, तो बोटांना चिकटतो, म्हणून पाण्यात बुडवूनच देठ काढायचे आणि पाणी दोन-तीनदा बदलायचं. उभी चीर देऊन सुरीच्या टोकानं बिया काढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, दोघांनी बसून गप्पा मारत करावं. मग साखरेचा एकतारी पाक, त्यात दोन लवंगा आणि करवंदं घालून पाच मिनिटं मंद आच. पूर्ण गार झाल्यावर बरणीत भरायची आणि वर फेणी, करवंदं बुडतील इतकी. पंधरा दिवस तरी हात लावायचा नाही. पाक गडद गुलाबी होतो, करवंद आतून आंबट आणि बाहेरून गोड राहतं, आणि चावलं की फेणीचा वास नाकात चढतो. व्हिस्की आणि गोड व्हर्मूथ या मसालेदार वाइनच्या पेल्यात ते एक टाकलं तर चेरीची आठवण कोणाला होत नाही.

वरच्या एका गोष्टीनं पेयाचं नाव बदलतं, हे खरं तर मद्याच्या जगानं केव्हाच मान्य केलेलं आहे. जिन आणि कोरडी व्हर्मूथ ढवळून त्यात ऑलिव्ह टाकलं किंवा लेमनची साल पिळली की मार्टिनी. त्याचजागी लोणच्यातला छोटा पांढरा कांदा टाकला की ते गिब्सन. निग्रोनी या कॉकटेलची कथा सांगतात तीही अशीच. १९१९च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये काउंट निग्रोनी यांनी अमेरिकानो (कॉफी नव्हे, त्याच नावाचं सोडा घातलेलं कॉकटेल) जरा कडक करून मागितलं, सोड्याऐवजी जिन आलं, आणि हे पेय वेगळं आहे हे कळावं म्हणून लेमनच्या जागी संत्र्याची फोड आली. फोड हीच ओळख.

पानांबद्दल माझी मतं ठाम आहेत. पुदिना कुटायचा नाही. त्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच असतं, चुरगाळला तर आतला कडू हिरवा रस बाहेर येतो आणि मोहितोला गवताची चव येते. एका तळहातावर काडी ठेवायची, दुसऱ्यानं एक टाळी द्यायची, बस. आणलेली जुडी फुलांसारखी पाण्यात उभी ठेवली तर पानं ताठ राहतात. गवती चहाचं पातं कुंडीतून कापून त्याला एक सैल गाठ मारायची आणि जिन-टॉनिकमध्ये सोडायची, गाठ मारताना पातं मोडतं आणि तिथूनच वास सुटतो. कढीपत्ता एकच डहाळी, बोटांत चोळून, आंबट पेयावर.

तुळस मी घालत नाही. अंगणात जिच्यापुढे दिवा लावला तिचं पान दारूच्या पेल्यात टाकायला माझा हात होत नाही, आणि त्याचं कारण मला कुणाला पटवायचंही नाही. हॅम्बर्गमध्ये यॉर्ग मायर या बारमालकानं २००८ साली केलेलं जिन बेझिल स्मॅश मला फार आवडतं, त्याला लागते ती बेझिल म्हणजे आपली सब्जाची पानं. फालुद्यात ज्याचं बी टाकतो तो सब्जा. बी कुंडीत टाकलं की महिन्या-दीड महिन्यात पानं मिळतात. तुळशीची चुलत बहीण, पण वृंदावनात नसलेली.

फुलांचं मात्र जपून. गोकर्णाच्या फुलांनी जिन निळी होते आणि लिंबू पिळलं की जांभळी, मुलं हे बघायला धावत येतात. वास त्याला काही नाही, रंगापुरतं ठीक. पण कण्हेर किंवा बिट्टीचं पिवळं फूल सुंदर दिसतं म्हणून कुणी पेल्यात ठेवलं तर ते विष आहे, शब्दशः. फुलबाजारातला गुलाब आणि झेंडूही नको, त्यांवर कसली कसली फवारणी झालेली असते. आपल्या कुंडीतलं, ओळखीचं असेल तरच.

काठाला मीठ लावतात त्याची एक खूण सांगते. लिंबाची फोड पेल्याच्या बाहेरच्या बाजूनं फिरवायची, तीही अर्ध्याच काठाला. आतून मीठ लागलं तर ते पेयात गळतं आणि सगळंच खारट होतं. अर्धा काठ मोकळा ठेवला की ज्याला नको असेल त्याची सोय होते. मीठ कडूपणा दाबतं, त्यामुळे कडसर पेयावर ते जादा गोडीपेक्षा चांगलं. पेरूच्या रसाबरोबर मी मिठात लाल तिखट मिसळते, शाळेबाहेरच्या गाडीवर मिळायचा तसा पेरू. कोकमाच्या पेयाला आमसुलं वाळवून, कुटून, मिठात.

जायफळ किसून घालणं आपल्याला वेगळं शिकायला नको, पुरणात, श्रीखंडात आपण तेच करतो. सतराव्या शतकात इंग्रज खलाशी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून पंच नावाचं पेय घेऊन गेले. हा शब्द अनेक शब्दकोश आपल्या पाचाशी जोडतात. त्या पंचावर शेवटी जायफळ किसायचे, आणि अठराव्या शतकात शौकीन लोक खिशात चांदीची छोटी किसणी घेऊन फिरत. अख्खं जायफळ, ताजं किसलेलं. डबीतली पूड नव्हे. अंड्याच्या पांढऱ्याचा फेस असलेल्या पेयावर तर हे लागतंच, कच्च्या अंड्याचा वास त्याखाली झाकला जातो. पेरू देशातल्या पिस्को सावरवर फेसावर कडू अर्काचे तीन-चार थेंब टाकतात तेही याचसाठी.

हापूसची फोड काठाला लावलेली बघितली की मला त्रास होतो. आंबा ताटात घेऊन खावा. कैरीची लांब काडी, तिखट-मीठ लावलेली, ती हुर्राकाबरोबर मस्त.

आमच्याकडे शनिवारी सासूबाईही बसतात. त्या पीत नाहीत. त्यांच्या कोकम सरबताच्या पेल्यालाही मी तशीच साल पिळते, तसाच पुदिना टाळी देऊन लावते. त्यांच्या पेल्यात मद्य नाही म्हणून वरचं काही कमी करायचं, हे मला कधी कळलं नाही.

गेल्या मे महिन्यात गावाला गेले होते. मामा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद केली त्याला चार वर्षं झाली आणि मोतीबिंदूमुळे एका डोळ्यानं नीट दिसत नाही. संध्याकाळी खळ्यात तेच बाकडं, माझा मामेभाऊ बाटली घेऊन बसला होता. मी परसात जाऊन मिरची आणली, विळीवर चिरली, पेल्यात सोडली. पेला भावाला देणार तोच मामानं हात पुढे केला. भाऊ म्हणाला, बाबा, तुमका नाय. मामा म्हणाला, पियाचा नाय मका.

त्यानं पेला नाकाशी नेला. पूर्वी धरायचा तेवढा वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "वास जास्त इलो. चीर लांब गेली काय गो?"

मी पेल्यात पाहिलं. मिरची टोकापर्यंत उघडली होती.